रब्बीबाई आणि मी लावलेला सेफेर

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मी हवेवर, गुडघ्यांवर किंवा कौन्सिलनं बंद केलेल्या बसवर बोलायला लागायचो. आता चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. आमच्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराची, एक स्मरणिका निघते आहे. जुन्या लोकांपैकी मीच उरलो, म्हणून कमिटीच्या मिनिट्सच्या जुन्या वह्या माझ्या घरी आणून दिल्या गेल्या. त्यांतल्या एका पानावर माझ्याच अक्षरात एक वाक्य आहे. ते वाक्य धड खोटंही नाही, पण त्यानं एका बाईंचं फार नुकसान केलं. स्मरणिकेसाठी इंग्रजीत जे लिहायचं ते लिहीनच. आधी मराठीत लिहितो, कारण मला लाज वाटते ती मराठीत वाटते.

त्या बाई म्हणजे आमच्या रब्बी, आमच्या धर्मगुरू. माझी बायको मिल्का त्यांना पहिल्या दिवसापासून रब्बीबाई म्हणायची आणि घरात तेच नाव रुळलं.

रब्बीबाईंना गावातल्या सगळ्या ज्यू घरांमधली मेलेली माणसं ओळखीची होती. त्या आल्या तेव्हा यातलं कुणीच हयात नव्हतं, तरीही. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा अंगातला कोटही न काढता भिंतीवरच्या फोटोंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. हे कोण, म्हणून विचारलं. मी सांगितलं की माझे वडील, अलिबागजवळच्या एका खेड्यात पस्तीस वर्षं हझ्झान होते, म्हणजे प्रार्थना चालवत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि चहा कसा घ्यायचे?"

मला तो प्रश्न पोरकट वाटला. उत्तर मिल्कानं स्वयंपाकघरातून दिलं: बशीत ओतून, आणि बशीतला शेवटचा घोट मांजरासाठी ठेवून. मी हे साफ विसरलो होतो. पुढे अकरा महिन्यांनी वडिलांची पुण्यतिथी आली, तेव्हा रब्बीबाईंनी प्रार्थनेत त्यांचं नाव वाचलं. निघताना दारात मला म्हणाल्या, "आज सकाळी मी चहा बशीतून प्यायले. मला मांजर नाही, त्याचं वाईट वाटलं." प्रत्येक घराशी त्यांचं असं होतं. हातात वही नाही, कागद नाही. दोन वर्षांत दीड-दोनशे मेलेली माणसं त्यांनी चहासकट पाठ केली होती.

दिसायला त्या ठेंगण्या, चाळिशीच्या आसपासच्या. बोलणं यॉर्कशरचं, अर्धे शब्द गिळून टाकणारं. रब्बी होण्याआधी नऊ वर्षं त्यांनी अँब्युलन्स चालवली होती. सायकलवरून फिरायच्या, आणि डोक्यावरची विणलेली प्रार्थनेची टोपी पावसात भिजली की आमच्या हीटरवर वाळत घालायच्या. मला ते बघवत नसे. ती टोपी पुरुषांनी घालायची, असं माझं तेव्हाचं मत.

माझी मतं कुठून आली तेही सांगायला हवं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी आमचे घाणे बंद असत, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. मी तरुणपणी ब्रिस्टलला विमानाची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात आलो आणि निवृत्त होईपर्यंत तपासनीस होतो. इंजिनातलं एकेक पातं माझ्या टेबलावरून जायचं आणि माझा शिक्का बसल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. निवृत्तीनंतर आम्ही ब्रिस्टलहून रीडिंगकडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या एका गावात घर घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथलं सिनेगॉग लहान, पुढारलेल्या विचारांचं. बायका-पुरुष एकत्र बसत. त्याची सवय झाली. मी सेक्रेटरी झालो, आणि तपासनिसाचा माझा सगळा ताठा तिथे घेऊन गेलो.

रब्बी म्हणून बाई नेमायची ठरली, तेव्हा लोकांच्या मनाची अजून तयारी नाही, असं मी कमिटीत बोललो. लोक म्हणजे मी. घरी येऊन तेच मिल्काला ऐकवलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुम्ही कोकणात रब्बी कधी पाहिला होता? आपल्याकडे रब्बी म्हणजे वाल आणि हरभरा." ते खरं होतं. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या रब्बी नव्हताच. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांना फार नवल वाटलं. मग इतकी शतकं शब्बाथ, शनिवारचा पवित्र दिवस, कुणी पाळला, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, घराघरातून पाळला गेला. दिवा लावणं, शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत चूल आवरणं, निषिद्ध मासा ओळखून बाजूला काढणं. हे सगळं कोण करायचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आजी करायची.

"मग तुम्ही मला का घाबरता, मिस्टर थळकर?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर बाईच्याच हाताखाली ज्यू झालात."

मला राग आला. आज लिहिताना कळतं की राग आला तो उत्तर सुचलं नाही म्हणून.

त्यांची दुसरी सवय म्हणजे, "मला माहीत नाही," असं सरळ सांगणं. आमचे आधीचे रब्बी वृद्ध गृहस्थ होते, त्यांना कशाचंही उत्तर लगेच यायचं. रब्बीबाई म्हणायच्या, माहीत नाही, शोधून सांगते. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायकल दारात. मी त्यांना अडवायला म्हणून आडवेतिडवे प्रश्न काढायचो. आमच्या मलिद्याचं, म्हणजे पोहे, नारळ, साखर आणि फळं यांचं ताट मांडून आम्ही एलियाहू नबीला जे आळवतो, त्याचं तुमच्या ग्रंथांत काही आहे का, असं मी एकदा खवचटपणे विचारलं. नाही, म्हणाल्या. चौथ्या दिवशी आल्या आणि मिल्काजवळ जमिनीवर मांडी घालून बसल्या. नारळ खवला. बोट कापलं, त्याला चिंधी बांधली आणि पुन्हा खवला. ताट तयार झालं तेव्हा मी प्रार्थना म्हणावी म्हणून माझ्याकडे बघत थांबल्या. मी म्हटलं, तुम्ही रब्बी आहात, तुम्ही म्हणा. त्या म्हणाल्या, "हे मला येत नाही. इथे मी तुमची विद्यार्थिनी." आणि खरोखरच शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकत राहिल्या.

गावातल्या बायकांचं त्यांच्यामुळे काय झालं, ते मी जवळून पाहिलं, कारण किल्ल्या माझ्याकडे असायच्या. एका सकाळी त्यांनी मला फक्त दार उघडायला बोलावलं. आमच्यातलं एक फार म्हातारं इंग्रज जोडपं आलं होतं. त्यांचं पहिलं मूल पंचावन्न वर्षांपूर्वी मेलेलंच जन्मलं होतं. तेव्हाच्या रब्बींनी सांगितलं होतं की याला नाव नाही, प्रार्थनाही नाही, घरी जा आणि दुसऱ्याचा विचार करा. रब्बीबाईंनी त्या म्हातारीला विचारलं की मनात त्याचं नाव काय ठेवलं होतं. तिनं इतक्या हळू सांगितलं की मला ऐकू आलं नाही. तिच्या नवऱ्यालाही ते नाव तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मग रब्बीबाईंनी त्या नावानं पूर्ण प्रार्थना म्हटली, मोठ्या माणसाची म्हणतात तशी, एक शब्द न गाळता. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. बाहेर येताना तो म्हातारा माझा दंड धरून म्हणाला, इतकी वर्षं शेजारी झोपलो आणि हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मी घरी आलो आणि मिल्काला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हरल्यासारखं झालं असतं.

मिल्काची गोष्ट वेगळी लिहायला हवी. सेफेर म्हणजे तोराची, आमच्या पाच पुस्तकांच्या धर्मग्रंथाची प्रत, चामड्यावर हातानं लिहिलेली आणि दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेली. कोकणात बायका वर गॅलरीत. सेफेर खालून मिरवत नेला की त्या बोटं पुढे करायच्या आणि तीच बोटं ओठांना लावायच्या. मिल्का अडुसष्ट वर्षांची असताना रब्बीबाईंनी तिला सेफेरपाशी बोलावून आशीर्वाद म्हणायला लावला. त्यासाठी तीन महिने दर बुधवारी त्यांनी तिची तयारी करून घेतली. तिला चष्म्यातून अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून बाईंनी बोटाएवढाली अक्षरं काढून आमच्या फ्रिजवर चिकटवली. त्या दिवशी मिल्का दोन्ही दांडे धरून उभी राहिली आणि तिचा आवाज लागला तो थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेला. घरी येताना गाडीत म्हणाली, "इतकी वर्षं मी त्याचा लांबून मुका घेतला. आज हात लावला. जड असतो हो." मी नुसतं हूं केलं.

आता ते लिहितो जे लिहायचं आहे.

सेफेरला पानं नसतात, आकडे नसतात. जिथून वाचायचं ती जागा आदल्या दिवशी दांडे फिरवून कुणीतरी लावून ठेवावी लागते. आमच्याकडे हे काम माझं. मला त्याचा अभिमान होता, वडिलांनी मला ते लहानपणी शिकवलं होतं. रब्बीबाईंची नेमणूक दोन वर्षांची होती, आणि दुसऱ्या वर्षीच्या सणांनंतर त्यांना कायम करायचं की नाही हे कमिटी ठरवणार होती. आमचा सर्वात मोठा दिवस म्हणजे उपासाचा, योम किप्पुर. कोकणात आम्ही त्याला दारफळणीचा सण म्हणायचो, कारण त्या दिवशी दारं लावून घेत. पहिल्या वर्षी सेफेर लावताना बाई स्वतः शेजारी उभ्या होत्या. ते मला खटकलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं, की मी हे काम तुमच्या जन्माआधीपासून करतोय. त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या वर्षी मला एकट्याला सोडलं, आणि कुठून वाचायचं ते लिहून फक्त एक चिठ्ठी दिली. मी ती न वाचता कोटाच्या खिशात घातली. बाईनं लिहून दिलेल्या चिठ्ठीची मला गरज नव्हती.

आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत मी एकटाच सिनेगॉगमध्ये गेलो. वडिलांची चाल गुणगुणत दांडे फिरवले. माझे हात जिथे थांबले ती जागा वडिलांची होती. उपासाच्या सकाळी कोकणात तिसऱ्या पुस्तकातून वाचत, मुख्य याजक आतल्या खोलीत जातो तिथून. आमचं हे सिनेगॉग त्या सकाळी पाचव्या पुस्तकाच्या शेवटाकडून वाचतं, जिथे सगळी माणसं, बायका-मुलं, लाकडं तोडणारे, पाणी भरणारे एकत्र उभे असतात. हे मला चांगलं माहीत होतं. कितीतरी वर्षं मी तेच लावत होतो. पण त्या दिवशी माझे हात गावाला गेले. मी समाधानानं सेफेर बांधला, वर पांढरं वस्त्र चढवलं आणि घरी गेलो.

उपासाच्या दिवशी एरवी न फिरकणारेही येतात. दीडेकशे माणसं होती. मी सेक्रेटरी म्हणून रब्बीबाईंच्या उजव्या हाताला उभा. सेफेर उघडला आणि त्यांनी वाचताना ओळ धरायचं चांदीचं बोट अक्षरांवर टेकवलं. ते तिथेच थांबलं. त्यांनी दोन ओळी वर पाहिलं, दोन ओळी खाली पाहिलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. मला कळलं. खिशातली चिठ्ठी न वाचताही कळलं. मी खाली गालिच्याकडे पाहत राहिलो.

त्या क्षणी त्या एक वाक्य बोलू शकत होत्या. बोलल्या नाहीत. लोकांकडे वळून म्हणाल्या, "आपण वाट चुकलोय. अँब्युलन्समध्ये मी एक शिकले, वाट चुकली तर मागच्या माणसाला सांगून टाकायचं, त्याला तसंही कळलेलं असतं. आपल्याला खूप पुढे जायचंय. चालतच जाऊ." आणि एक दांडा स्वतः धरला, दुसरा माझ्या हातात दिला.

आम्ही फिरवायला लागलो. तिसऱ्या पुस्तकाच्या मध्यापासून पाचव्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे वाळवंटातली चाळीस वर्षं. चामडं सरकत होतं आणि रब्बीबाई हळू आवाजात सांगत होत्या की आपण आता कुठून जातोय. आता माणसांची मोजदाद चाललीये. आता लोक जेवणाबद्दल कुरकुर करताहेत, त्यांना काकड्यांची आठवण येतेय. कुणीतरी हसलं. आता मिर्याम मेली, वाळवंटात लोकांच्या पुढे चालणारी, तिला फक्त अर्धी ओळ मिळालीये, थांबा जरा. आम्ही दोघं थांबलो. दीडशे माणसं एका बाईच्या अर्ध्या ओळीसाठी गप्प उभी राहिली. मग पुन्हा दांडे फिरले. आता पाच बहिणी पुढे येताहेत, वडिलांच्या जमिनीतला आमचा वाटा द्या म्हणताहेत, आणि उत्तर येतंय की त्यांचं बरोबर आहे. मागच्या रांगेतून मिल्का मोठ्यानं "आमेन" म्हणाली. तिथे आमेन म्हणायचं नसतं.

दांडा माझ्याकडून भराभर फिरायला लागला तसं चामडं ताणलं गेलं. रब्बीबाई माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "हळू, मिस्टर थळकर. घाई नाही." सात-आठ मिनिटं झाली असतील. शेवटी त्या जागी पोचलो, जिथे सगळे एकत्र उभे असतात, तेव्हा समोर पाहिलं तर एकही माणूस बसलेला नव्हता. उठा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मी अनेक सिनेगॉगमध्ये, अनेक हझ्झानांच्या तोंडून तोरा ऐकली आहे. ती लोकांना पायांत जाणवलेली मी तेवढ्या एकदाच पाहिली.

पण सगळ्यांनाच तसं वाटलं नाही. वर्षातल्या सर्वात पवित्र सकाळी रब्बींना जागा सापडत नाही, ही बोंब संध्याकाळपर्यंत झाली. उपास सोडून आम्ही घरी जेवायला बसलो तेव्हा मिल्कानं विचारलं, "सेफेर तुम्हीच लावता ना?"

"बघून घेणं त्यांचं काम," मी म्हटलं.

त्यानंतर मी सिनेगॉगला निघालो की दारात येऊन, चष्मा घेतलात का, असं विचारायला लागली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, आधी कधी विचारलं नव्हतं.

कमिटी पंधरा दिवसांनी बसली. अध्यक्ष, एक निवृत्त दंतवैद्य, भला माणूस होता. त्यानं सरळ विचारलं की त्या दिवशी सेफेर कुणी लावला होता. खोलीत आठ माणसं. मी वही उघडून बसलो होतो. रब्बीबाईंनी मला वेळ दिला. हे मी पुन्हा लिहितो, कारण तेवढंच महत्त्वाचं आहे: त्यांनी मला वेळ दिला. पाण्याचा पेला उचलला, थोडं प्यायल्या, पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्या दिवसाच्या प्रार्थनेची जबाबदारी माझी. मी आधी पाहून घ्यायला हवं होतं."

मी लिहून घेतलं. 'पूर्वतयारीतील हयगयीची जबाबदारी रब्बींनी मान्य केली.' अक्षर सुंदर आहे. कुठे खाडाखोड नाही.

त्या बाहेर गेल्यावर हात वर करायला सांगितलं. कायम करावं म्हणून तीन, करू नये म्हणून दोन. अध्यक्ष म्हणाला, नको म्हणणाऱ्यांत मीही आहे, म्हणजे तिनास तीन. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी मिनिट्स लिहितोय, मला यातून वगळा. मत बरोबरीत आलं की अध्यक्षाला दुसरं मत असे. त्यानं ते जड मनानं दिलं.

माझी मुलगी नेओमी ईलिंगला राहते. तिनं फोन केला. तिचं मराठी इथलं आहे, त्यात सगळ्यांनाच तू असतं. "पपा, मीटिंगमध्ये तू काय बोलला?"

"मी मिनिट्स लिहीत होतो."

"म्हणजे काय नाय बोलला."

रब्बीबाई पुढच्या उन्हाळ्यात गाव सोडून गेल्या. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आमच्याकडे आल्या. मिल्कानं गव्हाच्या चिकाचा हलवा केला होता, तो डब्यात भरून दिला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडली. त्याही रडल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "रब्बी, त्या दिवशी..." त्या सायकल धरून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर राग नाही, उत्सुकताही नाही. एखाद्या माणसाला जिना चढायला वेळ लागतो म्हणून आपण वर थांबतो, तशा थांबल्या. मी म्हणालो, "चर्चच्या कोपऱ्यावर रस्ता खणलाय, डावीकडून जा." त्यांनी आभार मानले आणि डावीकडून गेल्या.

तीन वर्षांनी मिल्का गेली. तिच्या शेवटच्या आजारात तिनं मला एकदाच सांगितलं, की त्या बाईला जाऊन भेटा. शोकाचं वर्ष संपल्यावर मी बर्मिंगहॅमला गाडी बदलून उत्तरेकडच्या त्या शहरात गेलो, जिथे रब्बीबाई आता होत्या. गाडीत चार वाक्यं इंग्रजीत पाठ केली. सिनेगॉग आमच्या तिप्पट मोठं, आणि भरलेलं. प्रार्थना चालवणाऱ्यांत दोन मुली होत्या, विशीतल्या. त्यांतली एक रब्बी व्हायचं शिक्षण घेत होती, असं शेजारच्या माणसानं मला अभिमानानं सांगितलं. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो, आणि आमच्या गावानं काय घालवलं ते मला रांगेरांगेनं दिसत होतं. आमच्याकडे त्यानंतर धड रब्बी टिकला नव्हता. शनिवारी बारा-पंधरा माणसं यायची, त्यांतली बाई एखादीच.

प्रार्थना संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तसा त्यांनी मला ओळखलं, आणि आनंदानं माझे दोन्ही हात हातात घेतले. मिल्काचं पत्रातून कळलं, म्हणाल्या. मग त्या शिकणाऱ्या मुलीला जवळ बोलावून म्हणाल्या, "हे मिस्टर थळकर. सेफेर कसा हाताळायचा ते मी यांच्याकडे बघून शिकले. यांचे वडील समुद्राकाठच्या एका खेड्यात हझ्झान होते. या माणसाचे हात बघून ठेव."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. त्या जे म्हणत होत्या ते त्यांना मनापासून म्हणायचं होतं. मी केलेलं सगळं माहीत असूनही त्यांनी माझ्यातलं चांगलं तेवढं वेगळं काढून जपलं होतं आणि पुढच्या पिढीच्या हातात दिलं होतं. ती मुलगी माझ्या हातांकडे आदरानं बघत होती. त्या मुलीसमोर ती वाक्यं माझ्या तोंडून निघाली नाहीत. मी "थँक यू" म्हणालो.

दारापर्यंत त्या मला पोचवायला आल्या. पायरीवर थांबल्या. "आणखी काही होतं का, मिस्टर थळकर?"

"नाही. गाडीची वेळ झाली," मी म्हटलं. गाडीला दोन तास होते. ते मी स्टेशनवर बसून काढले.

दुसऱ्या हिवाळ्यात नेओमीनं फोन करून सांगितलं की रब्बीबाई गेल्या. काही महिने आजारी होत्या, कुणाला फारसं कळू दिलं नव्हतं. वय पन्नासही नव्हतं. अंत्यविधीला दुरून दुरून माणसं गेली, आणि तो सगळा विधी स्त्री-रब्बींनी चालवला, असं नंतर कानावर आलं. मी गेलो नाही. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

मिनिट्सच्या वहीतलं वाक्य खोडायचा मला अधिकार नाही. त्याच्याखाली मी काल शाईनं लिहिलं, की त्या दिवशी सेफेर सेक्रेटरीनं लावला होता आणि त्यानं ते लपवलं. खाली सही केली. हे वाचून कमिटीतलं कुणी काही म्हणेल असं वाटत नाही, त्या आठांपैकी मी एकटा उरलो आहे. पण ज्यांना सांगायचं होतं त्यांना ते सांगून झालेलं नाही. बर्मिंगहॅमच्या गाडीत पाठ केलेली चार वाक्यं अजून जशीच्या तशी आहेत. मराठीत ती अशी होतात:

रब्बी, त्या दिवशी चूक माझी होती. तुम्ही तीन वेळा माझ्यासाठी थांबलात आणि तिन्ही वेळा मी गप्प राहिलो. माझी लाज तुम्ही स्वतःच्या नावावर घेतलीत आणि मी ती घेऊ दिली. मला माफ करा.